पाव, पाय आणि हात

इतिहासाच्या तासाला पोर्तुगीजांची गलबते १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लावून मी जरा श्वास घेत होतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पाव पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हे खरं का?"

वर्ग खदखदून हसला. विचारणारा मात्र गंभीर होता. "माझी आजी सांगते," त्याने पुराव्यादाखल जोडले.

आजीचा पुरावा खोडणे हे कुठल्याही शिक्षकाला जड जाते. त्यातून माझी स्वतःची आजीही अगदी हेच सांगत असे. तिने हयातभर पावाला स्वयंपाकघरात पाऊल म्हणून ठेवू दिले नाही. आम्हा मुलांना चहाबरोबर पाव मिळे तो ओसरीवर, आणि खाऊन झाल्यावर हात धुतल्याशिवाय आत यायची सोय नसे. पाव कोणी मळला, कशाने मळला, त्याचे हात धुतलेले होते की नव्हते, हा तिचा खरा आक्षेप होता. 'पाय' हे त्या आक्षेपाचे नुसते नाव.

त्या दिवशी वर्गात मी भाषाशास्त्राचा आधार घेऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न घरापर्यंत पाठीमागे आला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात शेजारच्या बिऱ्हाडात त्यांच्या मुलीने पाव करण्याचे विजेचे यंत्र पाठवले होते. लहानशा डब्याएवढे ते यंत्र. त्यात पाणी, पीठ, मीठ, साखर, थोडे लोणी आणि चमचाभर यीस्ट घालायचे, झाकण लावायचे, कळ दाबायची आणि आपापल्या उद्योगाला लागायचे. सुमारे चार तासांनी शिट्टी वाजते आणि आत खरपूस पाव तयार! "कुणाचा हात लागायला नको," शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या.

आजी असती तर तिने तो पाव स्वयंपाकघरात घेतला असता का? या विचाराने मी पावाच्या इतिहासाच्या मागे लागलो. यंत्राच्या झाकणाखाली कुणाचा हातच नाही, ही काकूंची समजूत खरी की खोटी, एवढेच मला पाहायचे होते.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचा निकाल लावू. 'पाव' हा शब्द पायावरून आलेला नाही. लॅटिनमधला 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पाँव' झाला आणि त्यांच्याबरोबर जहाजातून गोव्यात उतरला. तिथून तो मराठीत आला, गुजराथीत गेला, उत्तरेत पावरोटी झाला आणि बंगालात पाउरुटी. पण आजीबाईंची बाजूही अगदीच लंगडी नाही बरे! इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार मिसर देशाविषयी लिहिताना मोठ्या नवलाने नोंदवतो, की तिथले लोक कणीक पायांनी तुडवतात आणि चिखल मात्र हातांनी कालवतात. जपानातल्या सानुकी प्रांतात उदोन नावाच्या जाड शेवयांचे पीठ कापडात गुंडाळून पायांखाली तुडवण्याची रीत आहे. गव्हाच्या पिठाला ताकद लागते, आणि ताकद पायांत जास्त, इतकाच त्यातला हिशेब.

ही ताकद कशाला लागते? ज्वारी-बाजरीची भाकरी थापणाऱ्या गृहिणीला गव्हाच्या कणकेचा चिवटपणा वेगळा सांगायला नको. पाणी मिळाले आणि मळणी झाली, की गव्हातल्या प्रथिनांची एक लवचिक जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. पिठातले खमीर जो वायू सोडते तो या जाळीत अडकतो आणि गोळा फुगतो. मळणी अपुरी झाली तर जाळी कच्ची राहते, वायू निसटतो आणि पावाऐवजी वीट हातात येते. म्हणजे पावाचे सारे मर्म मळण्यात आहे, आणि मळणे हे हाताचे काम आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, तेव्हा त्यांना इथे तांदूळ भरपूर दिसला, पण पाव काही दिसेना. गहू बाहेरून आणता येत होता, पण खमिराचे काय? ती अडचण माडाने दूर केली. गोव्याच्या पाववाल्यांनी पीठ आंबवायला सूर, म्हणजे माडाची माडी, वापरली. पोर्तुगीज 'पादेइरो'चा कोकणीत 'पोदेर' झाला. पहाटे भट्टीतून निघालेले उंडे, पोळी, कात्रे आणि काकणे टोपलीत घालून तो वाडीवाडीतून हिंडू लागला. त्याच्या सायकलचा भोंपू ऐकून गोव्यातली घरे आजही जागी होतात.

घाटावर आणि उत्तर कोकणात मात्र पावाचे स्वागत असे झाले नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत त्या मुलखावर फिरंग्यांचा अंमल होता. त्या काळातल्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटले, अशा त्या गोष्टी. त्या जशाच्या तशा घडल्या असोत वा नसोत, पावाच्या एका तुकड्यात माणसाची जात आणि धर्म बुडवण्याची शक्ती आहे, यावर लोकांचा विश्वास होता हे त्यांतून दिसते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे फिरली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. त्यांची नावे छापून येताच पुण्यात केवढे वादळ उठले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न चहाच्या चवीचा नव्हता. बिस्कीट भाजणारा आणि चहा देणारा हात कोणाचा, हा होता.

आपण हे सारे आपल्याच समाजाचे खूळ समजतो. पण त्याच शतकात इंग्लंडातही पाववाल्याच्या हाताचा विटाळ लोकांना सतावत होता. तिथे त्याला धर्माऐवजी आरोग्याचे नाव होते. तळघरातल्या कोंदट भट्ट्यांत घामाने निथळणारे मजूर रात्रभर पीठ मळत, हे चित्र सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढून हलेना. डॉ. जॉन डॉग्लिश या वैद्याने त्यावर उपाय काढला. खमीर नको आणि हातही नको! बंद भांड्यात दाबाखाली पाण्यात कार्बन वायू विरघळवायचा आणि त्या पाण्याने यंत्रात पीठ भिजवायचे. दाब काढला की पीठ आपोआप फुगते. १८६२ साली 'एअरेटेड ब्रेड कंपनी' निघाली, आणि माणसाचा स्पर्श न झालेला पाव हा तिच्या मालाचा मोठा गुण मानला गेला.

अमेरिकेत जोसेफ ली नावाचे एक कृष्णवर्णी गृहस्थ बॉस्टनजवळ हॉटेल चालवीत होते. पीठ मळण्याच्या यंत्राचे पेटंट त्यांनी १८९४ साली मिळवले. ज्या देशात त्यांच्या वर्णाच्या माणसाला पंगतीत बसू देत नसत, त्या देशाच्या पावाचे पीठ त्यांच्या कल्पनेने मळले जावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. पुढे कारखाने वाढले आणि यंत्रे अवाढव्य झाली. एक काम मात्र कोणालाच साधले नव्हते. चार माणसांच्या घरापुरता एक पाव पहिल्यापासून शेवटपर्यंत करून देणारे यंत्र कोणी बनवू शकले नव्हते. ते साधले जपानात.

जपान हे नाव ऐकून वाचकांना वाटेल, भात खाणाऱ्या देशाचा पावाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो गोव्यातून जातो.

१५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. पुढे १५४९ साली गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये ज्यांचे शव आहे तेच हे झेवियर. या पाहुण्यांबरोबर पाव गेला आणि त्याचे नावही गेले. आपल्याकडे 'पाव' झाला, तिकडे 'पान' झाला. विड्याचे नव्हे, भट्टीचे पान! १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना हाकलले, दारे लावून घेतली, आणि पाव जवळजवळ दिसेनासा झाला. शब्द मात्र उरला. मुंबईतला माणूस आणि ओसाकातला माणूस हे दोघेही आज नाश्त्याला जे मागतात, ते एकाच पोर्तुगीज शब्दाने.

१८४२ साली एगावा हिदेतात्सु या अधिकाऱ्याने सैनिकांच्या शिदोरीसाठी कडक पाव भाजून घेतले. मग किमुरा यासुबेई नावाच्या एका माजी सामुराईने १८६९ साली तोक्योत पावाचे दुकान काढले. त्यांच्यापुढेही गोव्याच्या पोदेराचीच अडचण उभी राहिली, खमीर कुठून आणायचे? त्यांनी उत्तरही पोदेराचेच दिले. घरच्या मद्याकडे वळायचे! तांदळाची 'साके' ज्या आंबवणाने करतात, त्यानेच त्यांनी पीठ फुगवले, आणि १८७४ साली आत गोड घेवड्याचे पुरण भरून 'आनपान' तयार केला. एका दृष्टीने पाहिले तर ती भट्टीतली पुरणपोळीच. १८७५ च्या एप्रिलात तो मेइजी सम्राटांपुढे ठेवला गेला. पावाने तिथे राजवाड्यात प्रवेश केला, आणि आपल्याकडे अजून तो ओसरीवरच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपाशी जपानला अमेरिकेचा गहू मिळाला. शाळांतून मुलांना पाव आणि दूध मिळू लागले, आणि १९५४ साली शाळेतल्या जेवणाचा कायदाच झाला. आपल्याकडेही १९५६ च्या करारानंतर अमेरिकन गहू आला, आणि १९६५ साली सरकारने 'मॉडर्न बेकरीज' स्थापन केली. मुलांच्या जिभेला लागलेली चव ती मोठी झाल्यावरही सुटत नाही. शाळेत पाव खाऊन वाढलेली जपानी पिढी संसाराला लागली, तेव्हा सकाळच्या ताज्या पावाची तिला ओढ होती आणि तो करायला वेळ नव्हता. भात शिजवणारे विजेचे भांडे त्यांच्या घरात १९५५ पासून होतेच. मग पावाचे का नको?

ओसाकातल्या मात्सुशिता कंपनीने हे काम अंगावर घेतले. पुढे, २००८ साली, हिचेच नाव पॅनासॉनिक झाले. कंपनीकडे भाताच्या भांड्यांचे जाणकार होते, टोस्टरचे होते, मिक्सरच्या मोटारींचेही होते. तेव्हा तापमान, आच आणि फिरकी या तिन्ही गोष्टी घरच्याच होत्या. त्या एकत्र केल्या की पाव झालाच, असे कोणालाही वाटावे. पण १९८५ साली हाती आला तो पाव वरून करपलेला आणि आत कच्चा. मळणीत खोट होती. तज्ज्ञांनी यंत्राने मळलेल्या आणि पाववाल्याने मळलेल्या पिठाच्या गोळ्यांची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेऊन ती शेजारी शेजारी ठेवली. त्यांतूनही काही उमगेना.

तेव्हा इकुको तानाका या बाई पुढे आल्या. यंत्राला सूचना देणारी आज्ञावली लिहिणे हे त्यांचे काम. ओसाकात सर्वांत चांगला पाव मिळतो तो ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात, अशी त्या वेळी ख्याती होती. तानाकाबाई म्हणाल्या, मग तिथल्या मुख्य पाववाल्याकडेच का शिकू नये? आणि त्या खरोखरच त्याच्या हाताखाली उमेदवारीला राहिल्या. प्रयोगशाळेतली ही विदुषी पिठात हात घालून उभी राहिली. पण पाव त्यांनाही साधेना. गुरूलाही सांगता येईना. सांगणार काय? आपण कणीक 'हाताला लागेल इतकी' मळतो, म्हणजे नेमकी किती, हे आपली आई कधी सांगू शकली आहे का?

एके दिवशी बाईंच्या ध्यानात आले, की गुरुजी गोळा नुसता ताणत नाहीत, ताणता ताणता त्याला पीळ देतात. सारे रहस्य त्या पिळात होते. पण पीळ ही काही यंत्राची भाषा नव्हे. बाईंनी अभियंत्यांना आकडे दिले नाहीत. 'पीळ देऊन ताण' असे शब्द दिले. फिरकी जरा जोराने फिरू द्या, आता जरा वेगाने, असे त्या सांगत आणि अभियंते यंत्रात बदल करीत. भांड्याच्या आतल्या अंगाला त्यांनी उंचवट्याच्या कडा बसवल्या. फिरकी गोळ्याला ओढते, कडा त्याला अडवतात, आणि या ओढाताणीत त्याला पीळ पडतो. असे वर्षभर चालले होते. उन्हाळ्यात पीठ फार लवकर आंबते, या अडचणीवर तोड म्हणून यीस्ट आरंभी न घालता मळणी सुरू झाल्यावर मागाहून सोडण्याची युक्तीही त्यांनी योजली. ही जपानी पाववाल्यांची जुनीच रीत. १९८७ च्या फेब्रुवारीत 'होम बेकरी' ३६,००० येनांना बाजारात आली आणि पहिल्याच वर्षात पाच लाखांहून अधिक यंत्रे खपली.

ही हकीकत जगाला सांगितली इकुजिरो नोनाका या प्राध्यापकांनी, १९९१ साली एका गाजलेल्या लेखात. माणसाच्या हातातले न बोलता येणारे ज्ञान शब्दात आणि शब्दातून यंत्रात कसे उतरते, याचा तो दाखला म्हणून दिला जातो. २००७ साली रिबेइरो आणि कॉलिन्स या दोन अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. ते स्वतः पाववाल्याकडे जाऊन पाव करून आले, यंत्रावरही करून पाहिला. त्यांच्या मते पाववाल्याचे सारे ज्ञान यंत्रात गेलेलेच नाही. थोडे गेले, आणि उरलेले वापरणाऱ्या माणसाने गुपचूप भरून काढले.

मला हे पटले, कारण ते मी शेजारी डोळ्यांनी पाहिले. काकूंनी पहिल्या दिवशी पुस्तिकेबरहुकूम मैदा घातला आणि पाव उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी, मैदा पोटाला बाधतो म्हणून, चक्कीवरची कणीक घातली. चार तासांनी जी वस्तू निघाली, तिच्यावर मिरच्या वाटता आल्या असत्या! यंत्राने आपले काम चोख केले होते. पण कोंड्याचे कण ती ग्लुटेनची जाळी तोडतात आणि चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, हे यंत्राला कोणी सांगायचे? मैद्याला पुरलेले पाणी कणकेला अपुरे पडले. काकू खऱ्या सुगरण. तिसऱ्या दिवशी त्यांनी निम्मी कणीक, निम्मा मैदा असे प्रमाण धरले, मळणी सुरू असताना झाकण उघडून दोन बोटांनी गोळा दाबून पाहिला आणि "कोरडा आहे मेला," म्हणून चमचा-चमचा करून पाणी सोडले. पाव फुलला. पावसाळ्यात पीठ ओल धरते, तेव्हा त्या पाणी कमी घालतात. कुणाचा हात लागायला नको म्हणणाऱ्या काकूंचा हात त्या पावाला लागलाच. दोन बोटांचा का होईना!

दुसऱ्यांदा वाचताना नोनाकांच्या लेखात मला एक गोष्ट सलली. तानाकाबाईंचे नाव त्यात आहे, आणि ते असायलाच हवे. कंपनीचे नाव आहे, हॉटेलचेही आहे. पण ज्याच्या मनगटातला पीळ उचलून घरोघरच्या यंत्रांत भरला, त्या मुख्य पाववाल्याचे नाव मात्र नाही. तो 'मुख्य पाववाला' एवढाच. गोव्यातला पोदेर असाच. पहाटे भोंपू वाजतो, उंबऱ्याशी उंडे ठेवले जातात, आणि घरातली माणसे म्हणतात, "पोदेर येऊन गेला." मुंबईच्या भट्ट्यांतून रात्रभर जागून लाखो लोकांच्या वडापावाची सोय करणाऱ्यांना तरी आपण कोणत्या नावाने ओळखतो?

शेकडो वर्षे आपण त्या हाताला भ्यालो. आधी तो परधर्मी म्हणून, मग तो अस्वच्छ म्हणून. त्याला टाळायला माणसाने यंत्रे केली. आणि शेवटी यंत्राला पाव येईना, तेव्हा एका विदुषीला त्याच हातापाशी जाऊन शिष्य व्हावे लागले. ज्या हाताचा विटाळ नको होता, तोच आता झाकणाखाली फिरतो आहे. फक्त त्याचे नाव पुसले गेले आहे.

परवा त्या मुलाला मी वर्गात पुन्हा उभे केले. म्हटले, "तुझ्या आजीला सांग, पाव हा शब्द पायावरून आलेला नाही. पण तो कोणी मळला, हे विचारायची तिची सवय मात्र चांगली आहे, ती सोडू नकोस."

"म्हणजे विटाळ मानायचा, सर?"

"नाही रे. नाव विचारायचं."

दिवाळीनंतर पहिल्या दिवशी शाळेत आल्यावर गल्लीतल्या पाववाल्याचे नाव सांगायचे, असा अभ्यास मी सगळ्या वर्गाला दिला आहे. घंटा झाली, मुले गेली, आणि मग माझ्या लक्षात आले, की वीस वर्षे रोज सकाळी माझ्या दारात पाव देणाऱ्या माणसाचे नाव मलाही ठाऊक नाही. तेव्हा यंदाच्या सुट्टीत तो अभ्यास मलाही करायचा आहे.